समुद्र दूर, पाऊस अपुरा : नायजरपुढील विकासाचे प्रश्न

आफ्रिका खंडाच्या नकाशावर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस एक मोठा देश दिसतो. त्याचे नाव नायजर. शेजारच्या नायजेरियाशी नावाचे साम्य असल्यामुळे आपल्याकडे या दोन देशांची पुष्कळदा गल्लत होते. नायजेरियाला समुद्र आहे, बंदरे आहेत आणि मोठा तेलउद्योग आहे. नायजरला मात्र समुद्रकिनारा नाही. त्याच्या चारही बाजूंना मिळून सात देश आहेत : उत्तरेस अल्जीरिया व लिबिया, पूर्वेस चाड, दक्षिणेस नायजेरिया व बेनिन, पश्चिमेस बुर्किना फासो व माली. क्षेत्रफळ सुमारे १२ लाख ६७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून थोडे अधिक. ३ ऑगस्ट १९६० रोजी हा देश फ्रेंचांच्या सत्तेतून मुक्त झाला.

मानवी विकासाच्या आंतरराष्ट्रीय क्रमवारीत नायजर अनेक वर्षे अगदी तळाशी राहिला आहे. त्याची बातमी आपल्यापर्यंत येते ती बहुधा दुष्काळाची, उपासमारीची किंवा सत्तापालटाची. त्यामुळे हा देश म्हणजे निसर्गाच्या कोपाचे एक उदाहरण, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बारकाईने पाहिला, तर वेगळी गोष्ट ध्यानात येते. पाऊस कमी पडणे हे निसर्गाच्या हाती असले, तरी त्या तुटीचे रूपांतर उपासमारीत व्हावे की होऊ नये, हे माणसांच्या हाती असलेल्या गोष्टींवर ठरते. शेतकऱ्याच्या हाती पैसा आहे काय, शेतातल्या झाडावर त्याचा हक्क आहे काय, सीमेवरचा रस्ता खुला आहे काय आणि गावातील मुलगी शाळेत जाते काय, या प्रश्नांशी तेथील भुकेचा जवळचा संबंध आहे. ग्रामविकासाचे काम करणाऱ्यांना या अनुभवातून शिकण्यासारखे बरेच आहे.

भूमी, पाऊस आणि माणसे

नायजरचा उत्तरेकडील फार मोठा भाग सहाराच्या वाळवंटात मोडतो. शेती होते ती दक्षिणेकडील अरुंद पट्ट्यात. देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून नायजर नदी वाहते आणि राजधानी नियामे तिच्याच काठी वसली आहे. दक्षिणेकडील नायजेरियाच्या सीमेलगत मरादी व झिंदेर हे दाट वस्तीचे प्रदेश आहेत. वाळवंट आणि दक्षिणेकडील हिरवा प्रदेश यांच्या मधल्या या कोरडवाहू पट्ट्याला साहेल म्हणतात.

पाऊस वर्षातून एकदाच, साधारण जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उरलेले आठ महिने कोरडे जातात. हिवाळ्यात वाळवंटाकडून हरमत्तान नावाचा कोरडा, धुळीने भरलेला वारा वाहतो. एखाद्या वर्षी पाऊस वेळेवर येतो, पण पीक पोटरीत असतानाच थांबतो. अवर्षणप्रवण भागातील आपल्या शेतकऱ्यांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

तेथील मुख्य पिकेही आपल्या परिचयाची आहेत : बाजरी, ज्वारी आणि चवळी. यांपैकी बाजरीशी तर आपले फार जुने नाते आहे. हे धान्य माणसाने प्रथम लागवडीखाली आणले ते पश्चिम आफ्रिकेच्या याच साहेल पट्ट्यात. तेथून ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोहोचले, असे पुरावनस्पतींचे अभ्यासक सांगतात. नायजरमधील घरोघरी स्त्रिया उखळात बाजरी कांडतात. पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, ज्याला हौसा भाषेत तुवो म्हणतात, तो कालवणाबरोबर खाल्ला जातो. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेचे एक केंद्र नियामेजवळ सादोरे येथे आहे आणि तेथे बाजरीवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

लोकसंख्येपैकी निम्म्याच्या आसपास लोक हौसा भाषक आहेत. त्यांच्याखेरीज झर्मा-सोंघाई, तुआरेग, फुलानी, कनुरी आदी समाज आहेत. तुआरेग व फुलानी यांच्यात पशुपालन हा परंपरागत व्यवसाय. उंट, गायी व शेळ्या घेऊन ते पावसाच्या मागे उत्तर-दक्षिण फिरतात. हंगामानंतर शेतकऱ्याच्या रानात जनावरे बसवायची आणि त्या बदल्यात शेताला खत मिळायचे, ही देवघेव तेथे पिढ्यानपिढ्या चालत आली. आपल्याकडील धनगरांच्या मेंढ्या शेतात बसविण्याच्या पद्धतीशी तिचे साम्य सहज लक्षात येते. मात्र लागवड जसजशी उत्तरेकडे सरकू लागली, तसतशी चराऊ रानेही आटली आणि शेतकरी व पशुपालक यांच्यातील तंटे वाढले.

बंदर नसण्याची किंमत

नियामेपासून सर्वांत सोयीचे बंदर म्हणजे बेनिनमधील कोटोनू. ते सुमारे १,००० किलोमीटर दूर आहे. परदेशातून येणारा तांदूळ, औषधे, खते, सिमेंट, यंत्रे हे सर्व दुसऱ्या देशाच्या बंदरात उतरवून, दुसऱ्या देशाच्या रस्त्याने, दुसऱ्या देशाच्या नाक्यांवर थांबत आणावे लागते. मालाच्या मूळ किमतीत ट्रकचे भाडे, नाक्यावरील खोळंबा व वाटेतील वैध-अवैध वसुली यांची भर पडते. निर्यातीच्या बाबतीत हाच बोजा उलट दिशेने पडतो. ग्राहकाला माल महाग पडतो आणि शेतकऱ्याच्या पदरी भाव कमी पडतो.

ही केवळ नायजरची अडचण नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत समुद्रकिनारा नसलेले ३२ विकसनशील देश असून त्यांपैकी १६ आफ्रिकेत आहेत. त्यांच्या प्रश्नांसाठी अल्माटी येथे २००३ मध्ये, व्हिएन्ना येथे २०१४ मध्ये आणि तुर्कमेनिस्तानातील अवाझा येथे २०२५ मध्ये जागतिक परिषदा झाल्या. मालाची ये-जा सुलभ करणे, नाक्यांवरील कागदपत्रे कमी करणे, शेजारी देशांशी करार करणे हे उपाय त्यांत पुन्हापुन्हा सांगितले गेले. परंतु करार कागदावर असला, तरी शेजाऱ्याशी संबंध बिघडताच तो निरुपयोगी ठरतो. याचा कटू अनुभव नायजरला २०२३ मध्ये आला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

या देशाकडे खनिजांची संपत्ती नाही असे नाही. उत्तरेकडील आर्लित येथे १९७१ पासून युरेनियमचे उत्पादन सुरू झाले आणि फ्रान्समधील अणुवीज केंद्रांना ते पुरविले गेले. १९७० च्या दशकात भाव चढे होते, तेव्हा रस्ते व इमारती उभ्या राहिल्या. १९८० च्या दशकात भाव कोसळले आणि देश कर्जात रुतला. ज्या देशाच्या युरेनियमवर परदेशात दिवे लागले, त्याच देशात वीज मात्र पाचांपैकी एका माणसापर्यंतही नीट पोहोचलेली नव्हती. आर्लितची मुख्य खाण चालविणाऱ्या कंपनीचे नायजर सरकारने जून २०२५ मध्ये राष्ट्रीयीकरण जाहीर केले. खाण कोणाच्या मालकीची, याइतकाच तिचे उत्पन्न खेड्यापर्यंत कसे पोहोचते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

एकाच काळातील दोन दुष्काळ

१९६८ ते १९७३ या काळात साहेलमध्ये पाऊस वर्षामागून वर्षे कमी पडत गेला. विहिरी आटल्या, चारा संपला. तुआरेग व फुलानी पशुपालकांचे कळपच्या कळप नष्ट झाले आणि पिढ्यानपिढ्या स्वाभिमानाने राहिलेली कुटुंबे शहरांच्या कडेला छावण्यांत येऊन पडली. संपूर्ण साहेलमध्ये लाखाच्या घरात माणसे दगावली असावीत, असा अंदाज सांगितला जातो. १९७३ मध्ये साहेलमधील देशांनी एकत्र येऊन दुष्काळनिवारणासाठी एक आंतरराज्य समिती स्थापन केली. मदतीच्या धान्याचे वाटप नीट झाले नाही, सत्ताधाऱ्यांच्या जवळच्या लोकांनी साठे केले, असा असंतोष नायजरमध्ये वाढला. एप्रिल १९७४ मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष हमानी दिओरी यांना पदच्युत केले आणि सेयनी कूंचे यांनी सत्ता हाती घेतली. दुष्काळाने सरकार कोसळण्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

याच काळात, १९७२-७३ साली, महाराष्ट्रही भीषण दुष्काळातून जात होता. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दोन दुष्काळांची तुलना केली आहे. तिच्यातून पुढे आलेली गोष्ट विचार करायला लावणारी आहे. त्या वर्षी दरडोई धान्य उत्पादन महाराष्ट्रात साहेलपेक्षाही कमी होते. तरीही साहेलमध्ये जशी प्राणहानी झाली, तशी महाराष्ट्रात झाली नाही. याचे मुख्य कारण म्हणजे दुष्काळी कामे. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर राबणाऱ्या मजुरांची संख्या जवळजवळ ५० लाखांवर गेली होती. मजुरीमुळे लोकांच्या हाती पैसा आला आणि पैसा आल्यामुळे बाहेरून धान्य त्यांच्यापर्यंत येऊ शकले. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

या तुलनेने आपण आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातही त्या दुष्काळात जनावरे मेली, माणसे खंगली, कर्जे वाढली. शिवाय मुंबईसारखे बंदर, रेल्वेचे जाळे, स्वस्त धान्याची दुकाने, वृत्तपत्रे आणि विधानसभेत प्रश्न विचारणारे प्रतिनिधी या सर्वांचा आधार महाराष्ट्राला होता. नायजरच्या पशुपालकाला यांपैकी जवळजवळ काहीच उपलब्ध नव्हते. पाऊस दोन्हीकडे रुसला होता. आधार मात्र एकीकडे होता आणि दुसरीकडे नव्हता.

२००५ : बाजारात धान्य, घरात उपास

हाच धडा बत्तीस वर्षांनी पुन्हा समोर आला. २००४ मध्ये पाऊस लवकर थांबला आणि टोळधाडीनेही काही भागांत पिके खाल्ली. तथापि देशाचे एकूण धान्य उत्पादन आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीच्या मानाने सुमारे एक दशांशानेच घटले होते. एवढ्या तुटीने हाहाकार माजेल, असे वरवर पाहता वाटत नाही. पण २००५ च्या पावसाळ्यापूर्वी बाजरीचे भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले. शेजारच्या देशांनी धान्याच्या निर्यातीवर बंधने घातली. नायजेरियातील मोठ्या बाजारपेठेची मागणी तेथील धान्य स्वतःकडे ओढू लागली. त्याच वेळी चाऱ्याअभावी जनावरांचे भाव कोसळले. पूर्वी एक शेळी विकून जेवढी बाजरी घरी येत असे, तिच्या थोड्याशा भागावर आता समाधान मानावे लागले.

आश्चर्याची गोष्ट अशी की, कुपोषित बालकांची सर्वाधिक गर्दी झाली ती वाळवंटाच्या कडेला नव्हे, तर देशाचे धान्यकोठार समजल्या जाणाऱ्या मरादी भागात. तेथील मंडयांत बाजरीची पोती दिसत होती, पण ती विकत घेण्याइतका पैसा गरीब कुटुंबांकडे नव्हता. अनेक छोटे शेतकरी सुगीच्या वेळी कर्ज फेडण्यासाठी बाजरी स्वस्तात विकून टाकत आणि पावसाळ्यात तीच बाजरी चढ्या भावाने विकत घेत.

जुने धान्य संपलेले आणि नवे पीक अजून शेतात, असा जून ते सप्टेंबरचा हा काळ. फ्रेंच भाषेत त्याला ‘सूद्यूर’ म्हणजे सांधा म्हणतात. दोन सुगींमधील हा सांधा गरिबाच्या घरात दरवर्षीच निखळतो. वर्ष वाईट असेल तर तो लवकर निखळतो, एवढाच फरक. शेतातील सर्वांत कष्टाचे काम, मलेरियाचा जोर आणि रिकामी कणगी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. त्यामुळे या महिन्यांत बालमृत्यू वाढतात.

या संकटात सरकारच्या हालचालीस विलंब झाला. आरंभी बाजारभावापेक्षा थोड्या कमी दराने धान्य विकण्यावर भर होता. ज्याच्याकडे पैसाच नाही, त्याला अशा सवलतीचा लाभ कसा मिळणार? आंतरराष्ट्रीय मदतही दूरचित्रवाणीवर कृश बालकांची चित्रे झळकल्यानंतरच वेगाने आली. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मामादू तांजा यांनी तर उपासमारीच्या बातम्या अतिरंजित असल्याचे म्हटले होते. संकट मान्य करण्यास लागलेला उशीर हे प्रत्येक दुष्काळाच्या इतिहासात आढळणारे, टाळता येण्याजोगे कारण आहे.

बालकांना जगविण्याचे काम

२००५ च्या त्या संकटाने एक चांगली गोष्टही दाखवून दिली. पूर्वी अतिकुपोषित बालकाला आईसह कित्येक आठवडे रुग्णालयात ठेवावे लागे. घरी बाकीची मुले आणि शेतीचे काम टाकून येणे पुष्कळ मातांना शक्य नसे. त्या वर्षी नायजरमध्ये शेंगदाण्याचे वाटण, दुधाची भुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांपासून बनविलेले पाकीटबंद खाद्य मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्यात पाणी मिसळावे लागत नाही, ते शिजवावे लागत नाही आणि उष्ण हवेतही टिकते. आजाराची गुंतागुंत नसेल, तर बालकाला घरीच ठेवून आठवड्याला एकदा तपासणीस आणले की पुरते. एका वैद्यकीय मदतसंस्थेने त्या एका वर्षात ६० हजारांहून अधिक अतिकुपोषित बालकांवर उपचार केले. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रसंघाच्या इतर संस्थांनी या गावपातळीवरील पद्धतीस मान्यता दिली. पुढे असे खाद्य नियामे येथेच तयार होऊ लागले.

याच सुमारास, २००६ पासून, पाच वर्षांखालील बालके व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी मोफत उपचारांचे धोरण अंमलात आले. खेड्यांत छोटी आरोग्यघरे सुरू झाली आणि मच्छरदाण्यांचे वाटप झाले. परिणाम लक्षणीय होता. १९९८ मध्ये जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी २२६ बालके पाच वर्षांच्या आत मरण पावत होती. २००९ पर्यंत हे प्रमाण १२८ वर आले. हाही आकडा मनाला चटका लावणाराच आहे. परंतु अत्यंत गरीब देशातही, उत्पन्नात फारशी वाढ झालेली नसताना, दशकभरात बालमृत्यू एवढे कमी करता येतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

जमिनीत दडलेले रान

नायजरच्या कथेतील सर्वांत बोधप्रद भाग शेतजमिनीशी निगडित आहे. फ्रेंच राजवटीत आणि स्वातंत्र्यानंतरही बराच काळ झाडे ही शासनाची मालमत्ता समजली जात. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातील झाडाची फांदी तोडली, तरी वनरक्षक दंड करू शकत असे. त्याचा उलटाच परिणाम झाला. झाड आपले नाही, पण त्यामुळे त्रास मात्र आपल्याला, असे दिसल्यावर शेतकरी रोपे लहान असतानाच उपटून टाकू लागले. लागवड वाढली, सरपणाची मागणी वाढली आणि दक्षिणेतील शेते उघडीबोडकी झाली. वाऱ्याने उडालेली वाळू कोवळी बाजरी गाडून टाकी आणि शेतकऱ्याला एकाच हंगामात दोन-तीनदा पेरणी करावी लागे.

शासनाने व परदेशी संस्थांनी यावर वृक्षारोपणाच्या मोहिमा काढल्या. रोपवाटिका झाल्या, लाखो रोपे लागली, पण त्यांतील बहुतेक पहिल्या उन्हाळ्यात मेली. मरादी भागात अशाच एका प्रकल्पात टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ काम करीत होते. १९८३ च्या सुमारास रोपे घेऊन एका गावी जात असता, ओसाड शेतातील एका झुडपाकडे त्यांचे लक्ष गेले. पाने निरखून पाहता ते झुडूप नसून तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला फुटलेले धुमारे आहेत, हे त्यांनी ओळखले. अशी हजारो खोडे जमिनीत जिवंत होती. दरवर्षी त्यांना फूट येई आणि दरवर्षी पेरणीपूर्वी शेतकरी ती छाटून जाळी. नवे रोप लावण्याची गरजच नव्हती. दर बुंध्याला काही सरळ, जोमदार धुमारे राखायचे, बाकीचे छाटायचे आणि राखलेल्यांना वाढू द्यायचे, एवढेच करायचे होते.

काम सोपे होते, पण मने वळविणे सोपे नव्हते. पहिल्या काही शेतकऱ्यांची गावात थट्टा झाली. त्यांनी राखलेली झाडे रात्रीतून चोरीस गेली. १९८४ च्या दुष्काळात कामाच्या बदल्यात धान्य देताना शेतात झाडे राखण्याची अट घालण्यात आली, तेव्हा ती मोठ्या प्रमाणावर राखली गेली. धान्य संपताच पुष्कळांनी ती तोडलीही. परंतु ज्यांनी ठेवली, त्यांच्या शेतात वाऱ्याचा जोर कमी झाला, पाला कुजून जमीन सुधारली, जनावरांना चारा व घरात सरपण मिळाले. दुष्काळी वर्षात चार फांद्या विकून बाजरी आणता आली. पाहून शेजाऱ्यांनी केले आणि त्यांचे पाहून पुढच्या गावाने. दरम्यान वनखात्याची भूमिकाही हळूहळू सैल झाली. शेतातील झाडाचा लाभ ते राखणाऱ्यालाच मिळेल, असा विश्वास निर्माण झाला. १९९३ च्या ग्रामीण संहितेने जमीन व नैसर्गिक साधनांवरील हक्कांना चौकट दिली आणि २०२० मध्ये या पद्धतीला शासकीय हुकुमाने स्पष्ट मान्यता मिळाली.

मरादी व झिंदेर भागांतील १९७५ ची हवाई छायाचित्रे आणि तीस वर्षांनंतरची चित्रे भूगोलतज्ज्ञ ख्रिस राइय व ग्रे टॅपन यांनी ताडून पाहिली, तेव्हा सारेच थक्क झाले. सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे परतली होती. त्यांची संख्या सुमारे २० कोटी असावी, असा अंदाज करण्यात आला. विशेष म्हणजे लोकवस्ती जेथे दाट, तेथेच झाडी अधिक होती. रिनॉडो यांना २०१८ मध्ये ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला, परंतु हे काम मुख्यतः तेथील असंख्य शेतकऱ्यांचे आहे.

या शेतांतील ‘गाओ’ नावाचे झाड विशेष उल्लेखनीय होय. बाभळीच्या कुळातील हे झाड पावसाळ्याच्या तोंडी पाने टाकते आणि कोरड्या ऋतूत हिरवे राहते. त्यामुळे बाजरीला ऊन पुरेसे मिळते, गळलेल्या पाल्याचे खत होते आणि चाराटंचाईच्या दिवसांत शेंगा गुरांच्या उपयोगी पडतात. पिकाशी स्पर्धा न करता पिकाला हातभार लावणारे असे झाड क्वचितच आढळते.

ताहुआ भागातील इलेला येथेही असाच अनुभव आला. तेथील १३ शेतकरी १९८९ मध्ये शेजारच्या बुर्किना फासोतील सुधारित शेते पाहून आले. परतल्यावर त्यांनी ‘तास्सा’ ही जुनी पद्धत नव्याने सुरू केली. कडक झालेल्या पडीक जमिनीत कोरड्या हंगामात वीतभर रुंदीचे व त्याहून थोडे कमी खोल खड्डे घ्यायचे, त्यांत मूठभर शेणखत टाकायचे आणि पावसाची वाट पाहायची. खताच्या ओढीने वाळवी येते, जमीन पोखरते आणि पाणी आत मुरते. ज्या जमिनीवर कुदळ चालत नव्हती, तेथे बाजरी उभी राहिली. पूर्वी कोणी फुकट न घेणाऱ्या पडीक जमिनीला पुढे विकत घेणारे भेटू लागले. उतारावर अर्धचंद्राकृती बांध घालून पाणी अडविण्याचे कामही या भागात मोठ्या प्रमाणावर झाले.

लोकसंख्या, मुली आणि शाळा

उत्पादन वाढले, तरी खाणारी तोंडे त्याहून वेगाने वाढली. २०१२ च्या जनगणनेत नायजरची लोकसंख्या सुमारे १ कोटी ७१ लाख होती. त्यानंतर दशकभरातच ती अडीच कोटींच्या पुढे गेली. २०१२ च्या आरोग्य पाहणीनुसार दर स्त्रीमागे सरासरी ७.६ अपत्ये होती आणि हे प्रमाण जगात सर्वाधिक होते. निम्मी लोकसंख्या पंधरा वर्षांखालील आहे. याच पाहणीत असे आढळले की, वीस ते चोवीस वयोगटातील दर चार स्त्रियांपैकी तिघींचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झाले होते.

केवळ कुटुंबनियोजनाची साधने वाटून हा प्रश्न सुटत नाही. जिथे पाच मुलांतील एखाददुसरे दगावणार हे गृहीत असते आणि म्हातारपणी मुलांखेरीज आधार नसतो, तिथे मोठे कुटुंब ही आईबापांची विमापॉलिसीच असते. बालमृत्यू घटणे आणि मुलगी शाळेत टिकणे या दोन गोष्टींनीच हे गणित बदलते. २०१७ च्या अखेरीस मुलींना सोळाव्या वर्षापर्यंत शाळेत ठेवण्यासंबंधी हुकूम निघाला. त्याआधी २००७ मध्ये झिंदेर भागात ‘पतींची शाळा’ हा उपक्रम सुरू झाला. गावातील विवाहित पुरुष ठरावीक दिवशी एकत्र बसून बाळंतपण, अंतर राखून होणारी मुले आणि आरोग्यकेंद्रातील तपासणी यांविषयी चर्चा करीत व इतर पुरुषांना समजावीत. सासू-सुनेला उपदेश करण्याऐवजी घरातील निर्णय ज्याच्या हाती, त्याच्याशी बोलणे अधिक फलदायी ठरले.

शाळेची अडचण भाषेचीही आहे. घरी हौसा किंवा झर्मा बोलणाऱ्या मुलाला शाळेत एकदम फ्रेंचला तोंड द्यावे लागे. २०२५ मध्ये नव्या सनदेद्वारे हौसाला राष्ट्रभाषेचा दर्जा देण्यात आला. त्याचे फळ पाठ्यपुस्तके व शिक्षक किती तयार होतात, यावर अवलंबून राहील.

अशांतता आणि बंद सीमा

आग्नेयेकडील दिफ्फा भागात २०१५ पासून बोको हरामचे हल्ले सुरू झाले. पश्चिमेकडील तिलाबेरी व ताहुआ भागांत माली व बुर्किना फासोच्या सीमेपलीकडून येणाऱ्या सशस्त्र गटांनी खेडी ओस पाडली. शाळा बंद पडल्या, बाजार मोडले. नायजेरिया व माली येथून आलेले काही लाख निर्वासित आणि स्वतःच्याच देशात विस्थापित झालेली लाखो माणसे यांचा भार मुळातच गरीब असलेल्या गावांवर पडला. अनेक ठिकाणी त्या गावांनी आपल्या विहिरी व शेते पाहुण्यांसाठी खुली केली, ही गोष्ट विसरता येणार नाही.

२०२१ मध्ये मुहम्मद बाझूम हे पूर्वाश्रमीचे शिक्षक राष्ट्राध्यक्ष झाले. एका निर्वाचित अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे शांततेने सत्ता जाण्याची ती देशाच्या इतिहासातील पहिलीच वेळ. २६ जुलै २०२३ रोजी लष्कराने त्यांना पदच्युत केले आणि जनरल अब्दुरहमान तियानी यांनी सत्ता घेतली. पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायाने कडक निर्बंध लादले. सीमा बंद झाल्या. देशाला लागणाऱ्या विजेपैकी सुमारे ७० टक्के वीज नायजेरियातून येत होती, ती तोडण्यात आली. औषधे व पोषक आहाराचे ट्रक सीमेवर अडकून पडले, तांदळाचे भाव भडकले. शिक्षा राज्यकर्त्यांना करायची होती, पण तिची झळ बाळंतिणीला आणि बालकाला लागली. हे निर्बंध फेब्रुवारी २०२४ मध्ये उठविण्यात आले. तरीही बेनिनशी वाद चालूच राहिला आणि मालमोटारींना बुर्किना फासोमार्गे, लांबच्या व धोक्याच्या रस्त्याने, लष्करी संरक्षणात यावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये नायजर, माली व बुर्किना फासो हे देश त्या समुदायातून बाहेर पडले.

भरीस भर म्हणून २०२४ चा पावसाळा उलट बाजूने संकट घेऊन आला. अतिवृष्टी व पुरांमुळे तीनशेहून अधिक माणसे दगावली, दहा लाखांहून अधिक लोकांची हानी झाली आणि झिंदेर शहरातील एकोणिसाव्या शतकातील मातीची मशीदही कोसळली. ज्या देशाची ओळख अवर्षणाने होते, तेथे आता पुराची तयारीही करावी लागणार आहे.

समारोप

नायजरपुढील संकटे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांवर एखादा रामबाण उपाय सुचविणे हे अज्ञानाचे लक्षण ठरेल. तथापि पन्नास वर्षांच्या या अनुभवातून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. धान्याची कोठारे भरलेली असणे पुरेसे नाही. गरिबाच्या हाती ते विकत घेण्याचे सामर्थ्य हवे. मोहीम काढून लावलेले रोप वाळते आणि शेतकऱ्याने आपले म्हणून राखलेले खोड वाढते. आकडे उशिरा मान्य केल्याने प्राण जातात. राज्यकर्त्यांच्या भांडणात सीमा बंद झाली, तर सर्वांत आधी सर्वांत दुबळा माणूस कोंडीत सापडतो.

समुद्र नायजरजवळ आणता येणार नाही आणि पावसावरही कोणाचा हुकूम चालत नाही. परंतु मरादीच्या शेतकऱ्याने दाखवून दिले आहे की, मुळे जिवंत असतील आणि ती राखण्याचा हक्क व भरवसा राखणाऱ्याला मिळाला असेल, तर वरून ओसाड दिसणाऱ्या रानालाही पालवी फुटते. गावाच्या विकासाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनी नवी रोपे मागविण्यापूर्वी आपल्या शिवारात कोणती खोडे अजून जिवंत आहेत, हे एकदा वाकून पाहणे अगत्याचे आहे.